‘झेफिरस जी-१४’ आणि हलकेपणाचा हिशेब

जून महिना आला कीं मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न हटकून निघतो. मुलाला अभियांत्रिकीला किंवा मुलीला वास्तुकलेच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळालेला असतो, वसतिगृहांत जावयाचें असतें, आणि लॅपटॉप घ्यावयाचा असतो. वडील किंमत विचारतात. आई तो किती वर्षें टिकेल हें विचारते, शिवाय तो रोज पाठीवर वागवावा लागणार म्हणून वजनहि विचारते. आणि ज्याच्यासाठीं तो घ्यावयाचा तें चिरंजीव हळू आवाजांत, पण ठाम निश्चयानें, ‘त्यावर गेम चालले पाहिजेत’ असें सांगतात. हे सर्व प्रश्न रास्त आहेत. अडचण एवढीच कीं त्यांचीं उत्तरें परस्परांच्या उलट दिशेला ओढतात, आणि जाहिरात मात्र तीं सारीं एकाच वाक्यांत दिल्याचा आव आणते.

ज्या पानांवर कादंबऱ्या-नाटकांचीं परीक्षणें यावयाचीं तेथें एका यंत्राचें परीक्षण कशाला, अशी शंका कोणी काढील. तिला आमचें उत्तर साधें आहे. जिच्यावर घरांतली लाख-दीड लाखाची शिल्लक खर्ची पडते त्या वस्तूची पारख करतांना ग्राहकाच्या हातीं बहुधा विकणारानें छापलेला कागदच असतो. आणि शब्द कोठें खरा वापरला आहे व कोठें फसवा, हें पाहणें तर टीकाकाराचें नेहमींचेंच काम आहे. परीक्षणासाठीं आम्ही तैपेच्या असुस कंपनीचें ‘झेफिरस जी-१४’ हें यंत्र निवडलें आहे. तें २०२० सालीं प्रथम निघालें व पुढें जवळजवळ दरवर्षीं त्याची नवी आवृत्ति निघत गेली. लहान अंगाच्या लॅपटॉपवर मोठे खेळ खेळतां येतात काय, या वादांत त्याचें नांव आल्याशिवाय राहत नाहीं.

‘वाहून नेण्याजोगा’ हें विशेषण संगणकाच्या बाबतींत पहिल्यापासूनच सैलपणें वापरलें गेलें आहे. १९८१ सालीं ऑस्बोर्न-१ हा ‘पोर्टेबल’ संगणक म्हणून बाजारांत आला तेव्हां त्याचें वजन ११ किलोंच्या घरांत होतें, पडदा ५ इंचांचा होता, आणि बॅटरी त्याच्या पोटांत नव्हतीच. शिवणयंत्राप्रमाणें त्याला मूठ होती, एवढ्यावरून तो वाहून नेण्याजोगा ठरला! पुढें लॅपटॉप हलके झाले. परंतु खेळांचे लॅपटॉप हे निराळ्याच जातीचे राहिले. पंधरा किंवा सतरा इंचांचा पडदा, अडीच-तीन किलो वजन आणि विटेएवढा चार्जर हें त्यांचें सर्वसाधारण रूप. लहान करण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. २०१० च्या एलियनवेअर एम-११-एक्समध्यें ग्राफिक्सची चिप बरी होती, पण प्रोसेसर मंद जातीचा. २०१३ च्या रेझर ब्लेडमध्यें सारें कांहीं होतें, पण किंमत पाहूनच सामान्य माणसानें पाठ फिरवावी. २०१७ सालीं एनव्हिडिया कंपनीनें बारीक लॅपटॉपांसाठीं कमी विजेवर चालणाऱ्या ग्राफिक्स चिपांची ‘मॅक्स-क्यू’ नांवाची योजना जाहीर केली. हा शब्द अग्निबाणांच्या शास्त्रांतला आहे. अग्निबाण वर चढत असतां हवेचा दाब ज्या क्षणीं त्याच्या अंगावर सर्वाधिक असतो, त्या क्षणास ‘मॅक्स-क्यू’ म्हणतात. आणि त्या वेळीं इंजिनाचा जोर बहुधा कमी करून घ्यावा लागतो. नांव देणाराच्या मनांत काय होतें तें असो, शब्द मात्र मार्मिक पडला. बारीक शरीरांत जोर आवरूनच पुढें जावें लागतें.

झेफिरस ही ग्रीकांची पश्चिमवाऱ्याची देवता. आपल्या कवींचा मंद वारा दक्षिणेकडून, मलय पर्वतावरून येतो, त्यांचा पश्चिमेकडून. यंत्राच्या पंखांना पूर्ण मोकळीक दिली म्हणजे मात्र त्यांना मंद म्हणण्याचें धाडस कोणताच कवि करणार नाहीं.

आतां मूळ यंत्राकडे वळूं. २०२० च्या जी-१४ चा पडदा १४ इंचांचा, जाडी सुमारें १८ मिलिमीटर आणि वजन सुमारें १.६ किलो. आंत एएमडी कंपनीचा रायझन ९ ४९००-एचएस हा आठ गाभ्यांचा प्रोसेसर, आणि ग्राफिक्ससाठीं एनव्हिडियाची आरटीएक्स २०६० मॅक्स-क्यू ही ६ जीबी स्मृतीची चिप. यांतल्या प्रोसेसरलाच आम्ही या यंत्राचा खरा नायक समजतों. लॅपटॉपच्या बाबतींत तोंवर एएमडीचें नांव घेतलें कीं ‘स्वस्तांतलें’ असा शेरा लोक मारीत. या प्रोसेसरची नेमलेली विजेची मर्यादा ३५ वॅट होती. त्याच काळांत इंटेलचे खेळांच्या लॅपटॉपांतले प्रोसेसर ४५ वॅटांचे म्हणून विकले जात. सात नॅनोमीटरच्या कृतीनें घडवल्यामुळें तेवढेंच काम तो कमी विजेंत उरकी, आणि वाचलेली वीज व टळलेली उष्णता ग्राफिक्सच्या वांट्याला येई. चौदा इंची देहांत हें जमलें तें मुख्यतः त्याच्यामुळें.

येथें उष्णतेचा हिशेब थोडा उलगडून सांगितला पाहिजे, कारण पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे. चिप जेवढी वीज खाते तेवढी जवळजवळ सारी शेवटीं उष्णता होऊन बाहेर पडते. ती तांब्याच्या नळ्यांनीं पंखांपर्यंत न्यावयाची व पंखांनीं बाहेर फेंकावयाची. देह जितका बारीक तितके पंखे लहान, आणि लहान पंखानें तितकीच हवा ढकलावयाची तर त्याला अधिक जोरानें फिरावें लागणार, म्हणजे आवाज वाढणार. एवढ्यावर थांबतें तर लहान यंत्र करण्यांत कांहीं अर्थच उरला नसता. परंतु निसर्गानें एक सवलत ठेवली आहे. चिपला लागणारी वीज ही तिचा वेग आणि विद्युद्दाबाचा वर्ग यांच्या गुणाकारानें वाढते. आणि वेगाचा शेवटचा थोडासा टप्पा गाठण्यास दाब बराच वाढवावा लागतो. म्हणून तो टप्पा सोडून दिला तर विजेची बचत मोठी होते व वेगाची हानि त्या मानानें थोडी. टेबलावरच्या संगणकांतल्या आरटीएक्स २०६० ला १६० वॅट लागतात. जी-१४ मध्यें तितक्याच १,९२० गाभ्यांच्या चिपला ६५ वॅटांपर्यंतच वाव होता. वीज निम्म्याहून कमी. काम मात्र निम्म्याहून बरेंच अधिक. लहान खेळयंत्राची सारी कला या तफावतीवर जगते.

प्रत्यक्ष खेळतांना याचा अर्थ असा होई कीं २०१५ च्या ‘द विचर ३’ सारखा विस्तीर्ण खेळ चित्रांची सजावट बरीच उंच ठेवून सेकंदाला साठ चित्रांच्या आसपास सुखानें चाले. २०१९ सालीं संगणकावर आलेल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ ला सजावट थोडी उतरवावी लागे. आणि २०२० च्या डिसेंबरांत ‘सायबरपंक २०७७’ आला तेव्हां त्यांतले प्रकाशकिरणांचे खरे हिशेब चालू करून खेळण्याचा हट्ट या यंत्रानें पुरवावा, अशी अपेक्षा करणेंच अन्यायाचें होतें. दीड-पावणेदोन किलोंच्या वस्तूनें एवढें करावें यांत २०२० सालीं नवल होतें, आणि त्या नवलाची स्तुति झाली ती योग्यच झाली. आम्ही त्यांत एकच भर घालूं. या यंत्रानें विद्यार्थ्याचें खरें कल्याण केलें तें खेळांत नव्हे, तर इमारतींचीं चित्रें संगणकाकडून रंगवून घेणें, चलच्चित्रें जुळवणें, मोठे प्रोग्रॅम बांधणें अशा कामांत. तेथें आठ गाभे एकदम राबतात, आणि ज्या कामाला जुन्या लॅपटॉपवर जेवणाची सुटी काढावी लागे तें चहाच्या पेल्यांत होऊं लागलें.

दोष दाखवावयाचे तर तेहि ठळक आहेत. पडदा सेकंदाला १२० वेळां चित्र बदलण्याचा होता. म्हणजे प्रत्येक चित्राला साधारण ८.३ मिलिसेकंद मिळतात. परंतु त्या पडद्याच्या बिंदूंना रंग पालटावयास याहून अधिक वेळ लागे, त्यामुळें वेगानें धांवणाऱ्या आकृतीमागें पुसट छाया रेंगाळे. आंकडा खरा, अनुभव अर्धा. दुसरा पडदा घ्यावा तर तो २५६० बाय १४४० बिंदूंचा, बारीक कामाला उत्तम, पण सेकंदाला साठच चित्रांचा. खेळणारानें एक घ्यावा, चित्रें काढणारानें दुसरा. म्हणजे ‘दोन्ही कामांचें एक यंत्र’ म्हणून जें मिरवलें जात होतें तें पडद्याच्या खिडकीपाशींच दुभंगलें होतें.

याहूनहि विचित्र गोष्ट कॅमेऱ्याची. यंत्रांत कॅमेराच ठेवला नव्हता. २०२० च्या वसंतांत तें जगापुढें येतें न येतें तोंच साथीमुळें शाळा, कॉलेजें व कचेऱ्या घराघरांतल्या पडद्यांवर भरूं लागल्या, आणि ज्याला त्याला चेहरा दाखवण्याची निकड पडली. हा दैवाचा फटका होय, त्यासाठीं निर्मात्याला फार बोल लावतां येणार नाहीं. परंतु त्याच यंत्राच्या महागड्या प्रकारांत झांकणावर ६,५३६ बारीक छिद्रें पाडून त्यांच्या मागें १,२१५ चिमुकले दिवे बसवले होते, आणि त्यांतून अक्षरें व चित्रें झळकत. झांकणाच्या बाहेर हजारावर दिवे, आणि आंत एक डोळा नाहीं! अलंकार कोठें शोभतो व कोठें ओझें होतो हा आमच्या साहित्यांतला जुना वाद आहे. येथें त्याचा निकाल द्यावयास मम्मटाची गरज नाहीं. कॅमेरा २०२२ च्या आवृत्तींत आला.

आतां वाहतुकीचा प्रश्न. १.६ किलो हा आंकडा यंत्राचा आहे, ओझ्याचा नव्हे. १८० वॅटांचा चार्जर सुमारें अर्धा किलोचा. तो पिशवींत टाकला कीं दोन किलो ओलांडले. चार्जर घरीं ठेवावा असें म्हणाल तर तेंहि शक्य आहे, कारण टाइप-सी तोंडाच्या ६५ वॅटांपर्यंतच्या लहान चार्जरवर हें यंत्र भरतें, आणि वाचन-लेखन, व्याख्यानें, हिशेब इतक्यास तो पुरतो. ही सोय आम्ही फार मोठी मानतों. वसतिगृहांतून वर्गांत व वर्गांतून ग्रंथालयांत जाणाऱ्या मुलीला जड चार्जर खोलींतच ठेवतां येतो. मात्र लहान चार्जर लावून मोठा खेळ सुरू केला तर खर्च जमेहून जास्त होतो, आणि यंत्र चार्जरला जोडलेलें असतांहि बॅटरी उतरूं लागते.

बॅटरी ७६ वॅट-तासांची होती. विमानांत खास परवानगीवांचून नेतां येण्याची मर्यादा १०० वॅट-तास आहे, म्हणजे लॅपटॉपची बॅटरी वाटेल तेवढी मोठी करतां येत नाहीं हेंहि लक्षांत असावें. यंत्र लेखन-वाचनांत ८ वॅट खात असेल तर ७६ ला ८ नें भागून साडेनऊ तास मिळतात. तेंच खेळांत, सारा जोर आंवरून धरला तरी, ६० वॅट खाऊं लागलें तर सव्वा तास. पुण्याहून निघालेल्या गाडीनें खंडाळ्याचा घाट पुरता उतरण्याच्या आंत खेळ आटोपला म्हणावयाचा! शिवाय बॅटरीवर असतां यंत्र ग्राफिक्सचा जोर आपण होऊनच कमी करतें, कारण लहानशा बॅटरींतून एकदम एवढी वीज ओढणें तिच्या आयुष्याला बरें नव्हे. तात्पर्य, ‘कोठेंहि नेतां येतें’ हें खरें, ‘खेळ खेळतां येतात’ हेंहि खरें. पण हीं दोन वाक्यें ‘आणि’ या अव्ययानें जोडून ‘कोठेंहि खेळतां येतात’ असें तिसरें वाक्य ग्राहक मनांत तयार करतो, तें खरें नव्हे. तें तयार व्हावें अशीच जाहिरातीची मांडणी असते.

शब्दांच्या या खेळाचा याहून गंभीर प्रकार ग्राफिक्स चिपांच्या नांवांत आहे, आणि घरांतल्या पैशाचें नुकसान खरें होतें तें येथें. मुलें ‘४०६०’ किंवा ‘४०७०’ हा आंकडा पाठ करून दुकानांत जातात. परंतु लॅपटॉपसाठींच्या आरटीएक्स ४०६० ची मर्यादा खुद्द निर्मात्याच्याच तक्त्यांत ३५ पासून ११५ वॅटांपर्यंत दिली आहे. म्हणजे एकाच नांवाच्या दोन यंत्रांत एक दुसऱ्याच्या तिप्पट वीज वापरीत असेल, आणि कपाळावरची चिठ्ठी मात्र दोघांची सारखीच. ४०७० ची कथा याहून पुढची. टेबलावरच्या ४०७० मध्यें ५,८८८ गाभे व १२ जीबी स्मृति. लॅपटॉपवरच्या ४०७० मध्यें ४,६०८ गाभे व ८ जीबी. ही सारखी वस्तू कमी जोरानें चालवलेली नव्हे, तर निराळीच वस्तू त्याच नांवानें विकलेली आहे. पूर्वीं निदान ‘मॅक्स-क्यू’ ही शेपटी नांवाला जोडलेली असे, तिच्यावरून हें कमी विजेचें आहे एवढें तरी कळे. २०२१ मध्यें ती शेपटीहि नांवांतून गेली. त्यावर ओरड झाली, तेव्हां वॅटांचा आंकडा माहितींत छापण्याची सूचना लॅपटॉप करणारांना देण्यांत आली. आंकडा छापला जातो हें खरें, पण तो बारीक अक्षरांत, आणि दुकानांत तो विचारणारा विरळा. एकदां आम्ही एका दुकानांत विचारला तर विक्रेत्यानें चार्जरवरचे वॅट वाचून दाखवले. त्याचा स्वभाव सालस होता, म्हणून आम्ही वाद घातला नाहीं.

जी-१४ चीच वंशावळ या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. २०२३ च्या आवृत्तींत ग्राफिक्सला १२५ वॅटांपर्यंत वाव होता. २०२४ मध्यें यंत्राचा देह नव्यानें घडवला. अॅल्युमिनियमच्या एका ठोकळ्यांतून कोरून काढलेला, १६ मिलिमीटरांच्या आंतला, दीड किलोचा. आणि ग्राफिक्सची मर्यादा उतरून ९० वॅट झाली. देखणेपणांत हें यंत्र आधींच्या सर्वांहून सरस आहे यांत शंका नाहीं. २८८० बाय १८०० बिंदूंचा ओएलईडी पडदा रंगानें सुरेख आहे, आणि त्याचे बिंदु इतके तत्पर कीं २०२० ची ती रेंगाळणारी छाया समूळ गेली. खेळणाराचा पडदा व चित्रकाराचा पडदा हा भेदच उरला नाहीं. झांकणावरच्या दिव्यांची आरास जाऊन एक तिरपी रेघ राहिली, हाहि अभिरुचीचा विजयच. पण याच यंत्रांत ४०६० व ४०७० हे दोन पर्याय ठेवले आहेत, आणि दोघांना विजेची मर्यादा तीच, स्मृति तीच ८ जीबी. गाभे जास्त असले तरी त्यांना खावयास तितकेंच, म्हणून दोघांतलें अंतर किमतींतल्या अंतराच्या मानानें थोडेंच पडतें. आमच्या मतें येथें ४०७० साठीं जास्त पैसे मोजणें हें आंकड्याला दिलेलें दान आहे.

दुसरें एक दुःख अधिक खोल आहे. २०२० च्या यंत्रांत मुख्य स्मृतीचा कांहीं भाग पक्का जोडलेला असे, पण एक खांचा मोकळा ठेवलेला असे; तीन वर्षांनीं मुलाची गरज वाढली तर दोन-चार हजारांत सोय होई. २०२४ मध्यें सारी स्मृति पाटीवर डाक देऊन कायमची बसवली. बारीकपणा व वेग यांसाठीं हें केलें, हें खरें असेल. परंतु ज्या घरांत एक लॅपटॉप पदवीपर्यंत, आणि जमल्यास धाकट्या भावंडापर्यंत, चालवावयाचा असतो त्या घराला दोन मिलिमीटरांची बारीकता महाग पडते. आईचा ‘किती वर्षें टिकेल’ हा प्रश्न परीक्षणांतून नेहमीं गाळला जातो म्हणून तो आम्ही मुद्दाम येथें मांडतों.

आणि हवामान! अशा यंत्रांच्या चांचण्या बहुतेक वीस-पंचवीस अंशांच्या खोलींत होतात. सभोंवतालची हवा दहा अंशांनीं तापली तर आंतल्या चिपेच्या उष्णतेंतहि साधारण तेवढीच भर पडते, आणि चिपेला आपला कमाल आंकडा ठाऊक असल्यामुळें ती वेग उतरवते. यंत्राबरोबरच्या सूचनापत्रांत ३५ अंशांपेक्षां अधिक उष्ण जागीं तें वापरूं नये असें सरळ लिहिलेलें असतें. नागपूर-चंद्रपूरकडच्या वसतिगृहांत वैशाखांतल्या दुपारीं नुसत्या पंखाखालीं ही अट पाळली जाईल, असें तेथला कोणता विद्यार्थी म्हणेल? तेथें हें यंत्र बिघडेलच असें नव्हे. पण विकत घेतलेला सारा वेग मिळणार नाहीं, आणि कळफलकाच्या वरची पट्टी हात लावूं देणार नाहीं. महाबळेश्वरांतला लॅपटॉप व विदर्भांतला लॅपटॉप एकच नसतो, हें ध्यानांत घेऊन आपल्याकडे कोणी पद्धतशीर चांचण्या केल्या तर मोठें काम होईल.

घरांतले वडीलधारे ‘मुळांत खेळ हवेतच कशाला’ असें म्हणतील. त्यांनीं पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं केलेला, २०२० सालीं आलेला ‘राजी’ हा खेळ एकदां पाहावा. राक्षसांनीं पळवून नेलेल्या गोलू या भावाला शोधीत निघालेली एक मुलगी, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारे रंग, छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा. ही कलाकृति आहे, उनाडपणा नव्हे. मात्र याच उदाहरणाचा दुसरा अर्थ मुलांनींहि घ्यावा. ‘राजी’ खेळावयास जी-१४ लागत नाहीं. तिच्या निम्म्या जोराच्या यंत्रावरहि ती आनंद देते. रसाचें प्रमाण वॅटांवर नसतें, आणि पुष्कळ उत्तम खेळ साध्या यंत्रावर सुखानें चालतात.

मग हें यंत्र कोणी घ्यावें? ज्याच्या अभ्यासालाच प्रबळ प्रोसेसर व ग्राफिक्स लागतात, ज्याला तें रोज पाठीवर न्यावें लागतें, आणि जो मोठे खेळ संध्याकाळीं खोलींत, चार्जर लावून खेळेल, त्याच्यासाठीं याच्या तोडीचीं यंत्रें थोडीं आहेत. ज्याचें यंत्र टेबलावरून हलणारच नाहीं त्यानें तेवढ्याच पैशांत मोठ्या पंखांचा, अडीच किलोंचा लॅपटॉप घ्यावा. त्याला जोरहि अधिक मिळेल व आवाजहि कमी. ज्याला आगगाडींतच खेळावयाचें आहे त्यानें २०२२ च्या स्टीम डेकसारख्या, सातशे ग्रॅमांच्या आंतल्या, हातांत धरावयाच्या यंत्रांकडे पाहावें. आणि २०२४ चें जी-१४ घ्यावयाचेंच ठरलें, तर ४०६० वर थांबून वाचलेल्या पैशांत ३२ जीबी स्मृतीचा प्रकार मागावा. दुकानांत तो नसेल तर आठवडाभर थांबावें, कारण ती मागाहून वाढवतां येणार नाहीं.